निरोगी नमुना

सोमवार, १३ ऑक्टोबर

पोचले एकदाची! बोट धक्क्याला लागली तेव्हा वारा असा होता की आईने दिलेली पावाची पिशवी हातातून सुटून थेट समुद्राकडे निघाली. धक्क्यावरच्या एका म्हातारीने तिच्यावर बूट ठेवून ती वाचवली. पाव पार चपटा झाला. म्हातारी म्हणाली, घाबरू नकोस पोरी, पोटात गेल्यावर तो फुगतो परत. ही एल्सपाआजी. आवाजसंग्रहाच्या समोरच्या पिवळ्या घरात एकटी राहते. माझी वाट बघत ती तासभर वाऱ्यात उभी होती.

संग्रह म्हणजे बेटावरची जुनी शाळा. मुलं संपली म्हणून शाळा बंद झाली. आता खालच्या वर्गात कपाटं, संगणक आणि एक लांब टेबल आहे, वर माझी खोली. खिडकीतून डावीकडे खाडी दिसते आणि उजवीकडे फटींच्या भिंतींचं, मांस टांगायचं खोपटं. मेंढ्या कापून झाल्यात, त्यामुळे ते भरलेलं आहे आणि आंबत्या मांसाचा वास खोलीत येतो. मला तो वास घरचा वाटतो. आमच्याकडे तो नाकात गेला की भूक लागते.

नेमणुकीचं पत्र मी टेबलाच्या वर टाचणीने लावलं. त्याची एक प्रत आईने मासळीच्या कारखान्यात, चहाच्या खोलीत, सुट्ट्यांच्या तक्त्याशेजारी चिकटवली आहे. ती तिथे एकवीस वर्षं मासे सोलते. आमच्या घरात विद्यापीठात गेलेली मी पहिली. आई सगळ्यांना सांगते, माझी सुन्वा मेलेल्यांना बोलतं करणार आहे. मी तिला म्हटलं, आई, असं नको सांगूस, भीती वाटते ऐकायला. पण खरं तर मला तेच करायचं आहे. पुस्तकात पाद्रींचे आणि व्यापाऱ्यांचे शब्द राहिले. जाळी शिवणाऱ्यांचे, मासे सोलणाऱ्यांचे राहिले नाहीत. ते राहायला हवेत.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दोन दिवसांत सगळं मोजून झालं. माझ्याआधी इथे हानुस नावाचा माणूस होता. त्याने बारा वर्षं घरोघर फिरून म्हाताऱ्यांचे आवाज टिपले. त्यातल्या अडतीस फाइल्स बिघडल्या आहेत. उघडतच नाहीत, किंवा उघडल्या तर दोन शब्द आणि मग नुसता खरखराट. डिस्क पडली, असं त्याने अहवालात एका ओळीत लिहिलंय. त्यानंतर त्याने काम सोडलं. खाडीपलीकडे राहतो म्हणे, लोकर विकतो.

चांगल्या उरलेल्या फाइल्स ऐकल्या. हानुसची पद्धत मला फार आवडली. आमच्या बेटांवर पाहुण्याला खायला घातल्याशिवाय कोणी कामाचं बोलत नाही, आणि हानुस पहिला घास तोंडात जायच्या आधीच रेकॉर्डर चालू करून टेबलावर ठेवायचा. जेवताना माणूस खोटं बोलत नाही, असं त्याने वहीत लिहिलंय. त्यामुळे प्रत्येक आवाजात सुरीचा, ताटाचा, चघळण्याचा आवाज मिसळलेला. हाड चोखल्याचा. कवळी टाळूवर बसवल्याचा. घर कसं जिवंत होतं ऐकताना!

संध्याकाळच्या कॉफीला एल्सपाआजीकडे गेले. तिने आंबवलेलं मांस आणि ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा वाढला, आणि मी खाऊन होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, त्या बिघडलेल्यांतली सतरा नंबर. तिचा नवरा दान्याल. हानुस त्याचा आवाज घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी दान्यालची होडी उलटी सापडली, दान्याल नाहीच. तिने तो आवाज एकदाही ऐकलेला नाही. ती म्हणाली, फोटो आहेत गं ढीगभर, पण फोटोतला दान्याल कसा गप्प बसलेला असतो, आणि तो आयुष्यात कधी गप्प बसला नाही, मेला.

मी तिला शब्द दिला. सतरा नंबर मी बोलता करीन.

हानुसचा रेकॉर्डर कपाटात सापडला होता, तो सोबत नेला होता. चालतो का बघावा म्हणून तिचंच बोलणं टिपलं. खात खात ती मला माझे केस कसे विंचरायला हवेत ते सांगत होती. छान, स्वच्छ आवाज.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

जमलं! जमलं!

तालुक्याच्या कचेरीतल्या बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, फाइल दुरुस्त करणाऱ्यांना द्यायला आपल्याकडे तरतूद नाही, तूच शिकलेली आहेस, बघ काहीतरी. शिकलेली आहेस हे त्यांनी असं म्हटलं की जणू मी चोरी केली आहे. मग मी इंटरनेटवर शोधलं. हानुसच्या संगणकावर एका फुकटच्या दुरुस्तीच्या साइटचा पत्ता आधीच साठवलेला होता. उघडली तर त्याचं खातं अजून उघडलेलंच होतं, आणि त्याच्या नावाखाली तीन वर्षांपूर्वीच्या अडतीस फाइल्सची यादी, प्रत्येकीपुढे हिरवी खूण. बहुतेक त्यानेही प्रयत्न केला असणार, बिचाऱ्याने, आणि काही झालं नसणार.

साइट अगदी साधी. दोन खोकी. एकात बिघडलेली फाइल टाकायची. दुसऱ्यात ‘निरोगी नमुना’, म्हणजे त्याच रेकॉर्डरवर, तशाच खोलीत, तशाच परिस्थितीत टिपलेला तीन मिनिटांचा चांगला आवाज. त्यावरून ते बिघडलेल्याची मोडतोड भरून काढतात. खाली मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये लिहिलंय की खराब भाग काढून योग्य जागी हलवला जातो.

नमुना नीट असावा म्हणून मी सगळं हानुससारखं केलं. दुसरा कोणी असता तर त्याने एक ते शंभर आकडे म्हटले असते. मी टेबलावर सुकं मांस कापून घेतलं, पाव घेतला, रेकॉर्डर मधे ठेवला आणि खात खात बोलले. माझं नाव, आईचं नाव, गाव, आणि मी इथे का आले आहे ते. तीन मिनिटं. ऐकताना जरा लाज वाटली, इतकी मचमच करते मी.

पहिली फाइल टाकली. लाल बटण दाबलं. चार मिनिटं गेली आणि मग एक बाई बोलायला लागली. चाळीस सेकंदांचा खरखराट होता तिथे आता तिची चुलत बहीण होती, मेंढी होती, धुकं होतं. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

रविवार, १९ ऑक्टोबर

घरी जाऊन आले. रेकॉर्डर मुद्दाम नेला होता. जुने आवाज दुरुस्त करायचे तर नवेही जमवायला हवेत ना, आणि सुरुवात आईपासून. आई म्हणाली, माझं काय टिपतेस, मी काय राणी आहे? पण मासा उकडून समोर ठेवला, वर मेंढीच्या आतड्यातली पिवळी चरबी वितळवून ओतली आणि मग बोलत सुटली. एका मिनिटात किती मासे सोलायचे, मुकादम कसा घड्याळ घेऊन मागे उभा राहायचा, बोटांची कातडी कशी सोलवटते. आणि म्हणाली, माझ्या मुलीने कधी सुरी धरली नाही, ती फक्त आवाज धरते. मी ते ऐकून हसले, पण परतीच्या बोटीत परत परत ऐकलं.

फाइल संग्रहाच्या संगणकावर ठेवली. नाव दिलं: आई.

बुधवार, २२ ऑक्टोबर

एकवीस फाइल्स झाल्या. पटापट होताहेत.

एक गोष्ट विचित्र वाटते, ती लिहून ठेवते. दुरुस्त झालेल्या जागांमध्ये बोलणं स्पष्ट आहे, पण त्याच्याभोवती तोंडाचे आवाज फार आहेत. चघळणं, जीभ टाळूवरून सुटल्याचा चटका, गिळणं. हेडफोनमध्ये ते इतके जवळून येतात की कानात कोणी जेवतंय असं वाटतं. आणि आज लक्षात आलं की गिळणारी मीच आहे. मी गिळताना घशात एक बारीक टक् होतो, लहानपणापासून. आई चिडवायची, दाराची कडी लागली वाटतं. नव्वद वर्षांचा म्हातारा मेंढीच्या डोक्याबद्दल बोलतो आणि मधे माझा टक्. साहजिकच आहे म्हणा, मोडलेली जागा माझ्या नमुन्यानेच भरलीय. तरी हेडफोन काढून ठेवले. माझं तोंड त्यांच्या तोंडात.

सकाळपासून जिभेवर पिवळट थर आहे. खरवडला तर नखात मेणासारखी चरबी आली. रविवारी घरी खाल्ली होती ती असेल. पण आज बुधवार, आणि त्यानंतर मी कितीदा दात घासलेत.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सतरा नंबर झाली. आजचा दिवस मी कधी विसरणार नाही.

एल्सपाआजी चांगला झगा घालून आली. लांब टेबलाशी बसली. दान्याल बोलायला लागला तेव्हा तिने हात पुढे केला आणि रेकॉर्डरवर ठेवला, माणसाच्या हातावर ठेवावा तसा. दान्याल एका बरगडीचं मांस ओढत हवामानाला शिव्या देत होता. वीस सेकंद निव्वळ खरखराट होता तिथे आता कडकन आवाज आला, आणि तो खदखदून हसत म्हणाला, अरे हानुस, दात गेला बघ, मागचा, आणि गिळला की रे मी! आजी हसता हसता रडायला लागली. म्हणाली, तोच तो काळा दात, तंबाखूने किडलेला, महिनाभर मी सांगत होते काढून घे, काढून घे.

तिने तिथेच फाइल फोनवर मागितली. मी दिली. संध्याकाळपर्यंत ती तिच्या चौदा नातवंडांकडे गेली होती. चौदा प्रती! कोपनहेगनला एक, आइसलँडला दोन.

आणि रेडिओवाल्या बाईंचा फोन आला. नातवंडांपैकी कोणीतरी त्यांना कळवलं. त्यांना दान्यालचा आवाज रविवारी, ९ नोव्हेंबरला, प्रार्थनेनंतरच्या कार्यक्रमात लावायचा आहे. सगळी बेटं ऐकतात तो कार्यक्रम. माझं नावही सांगणार. मी तिथल्या तिथे फाइल पाठवली. आईला फोन केला तर ती किंचाळलीच. त्या दिवशी शेजारणींना कॉफीला बोलावणार आहे, रेडिओ मोठ्याने लावणार आहे.

फोनवर बोलताना दोनदा थुंकावं लागलं. चरबी.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

डॉक्टर गेल्या वर्षीच बेट सोडून गेल्या, म्हणून बोटीने दंतवैद्याकडे. त्याने आरशाने सगळीकडे बघितलं आणि म्हणाला, अठ्ठावीस दात, अठ्ठावीसही उत्तम, हिरड्या गुलाबी, घरी जा आणि काळजी कमी कर. मी त्याला वास येतो का विचारलं. तो म्हणाला, पेपरमिंटचा येतो.

मग हे काय आहे? सकाळी उठले की गालाच्या आत काहीतरी साचलेलं असतं. काल लोकरीचे धागे होते, ओले, गुंता झालेले. आज माशाचा काटा, आणि मी आठ दिवस मासा खाल्लेला नाही. काहीही खाल्लं तरी आधी कोणीतरी चावून टाकलेलं वाटतं. कोमट. लिबलिबीत. दुसऱ्याच्या थुंकीतलं. पाणीसुद्धा.

दुपारी माझा नमुना उघडून ऐकला. का ते माहीत नाही. तीन मिनिटांची फाइल होती. ती आता सव्वाअकरा मिनिटांची आहे. माझं नाव, आईचं नाव, गाव, इथपर्यंत मी आहे. त्यापुढे नुसती तोंडं. म्हातारी तोंडं, वीस, तीस, एकमेकांवर चढलेली, चघळताहेत, चोखताहेत, कफ ओढताहेत, आणि मधेच सगळी मिळून गिळतात. त्यात माझा टक्.

खराब भाग काढून योग्य जागी हलवला जातो. मी ते वाचलं होतं. मी त्याचा विचार केला नव्हता.

शनिवार, १ नोव्हेंबर

काम थांबवलंय. सात उरल्यात, त्या उरू देत.

थांबवलं तरी थांबत नाही.

आज कॉफीच्या वेळी एल्सपाआजी केक घेऊन आली. ती दान्यालला रोज सकाळी लावते, म्हणाली, आता आम्ही परत भांडतो. मला खोकला आला. ढास थांबेना. तिने पाठीवर थापा मारल्या, लहान मुलाला मारतात तशा, आणि माझ्या हातात ते पडलं.

दात. दाढ. काळी, मुळाशी तपकिरी, मधे पोकळ. तंबाखूचा वास. माझ्या हातावर ती चिकट धाग्याने लोंबत होती आणि धागा अजून माझ्या घशात होता.

आजीने बघितली नाही. मूठ मिटली मी. ती म्हणाली, केक कोरडा झाला का गं? मी मान हलवली. मूठ ओली, गरम. संडासात जाऊन आरशासमोर मोजले. माझे अठ्ठावीस. सगळे जागेवर.

दाढ काडेपेटीत ठेवली आहे. फेकता येत नाही. ती कोणाची आहे हे मला माहीत आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बोलता येत नाही. तोंड उघडलं की आधी तो आवाज येतो, मग शब्द येतच नाही. कचेरीतल्या बाईंचा फोन उचलला. त्या म्हणाल्या, आधी जेवून घे आणि मग फोन कर, शिकलेल्या मुलींना एवढंही कळू नये.

संगणक उघडला. साइटवर निरोप होता. तुमचा नमुना भरला आहे. त्याच रेकॉर्डरवरचा दुसरा निरोगी नमुना घेतला आहे.

दुसऱ्या खोक्यात नाव होतं: आई.

मी दिलं नव्हतं. ते फोल्डरमध्ये होतं, एवढंच. काढून टाकलं. परत आलं. फाइल पुसली. खोक्यात नाव तसंच.

संध्याकाळी आईचा निरोप आला, आवाजात. म्हणाली, सुन्वा, फोन का नाही उचलत? आणि ऐक ना, त्या चरबीला काही झालं होतं का गं, माझ्या तोंडाची चव आज—

आणि ती थुंकली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

हानुसकडे गेले. खाडीला वळसा घालून, चालत. दारात उभी राहून वही पुढे केली. त्याने एक ओळ वाचली आणि मला आत घेतलं. खायला काही विचारलं नाही. आमच्याकडे असं कोणी करत नाही. म्हणाला, तुला काही घालत नाही पोरी, मला माहीत आहे ते कसं लागतं.

धडधाकट माणूस. गोल चेहरा, खणखणीत आवाज. तो बोलत होता, मी लिहीत होते.

डिस्क पडली नव्हती. फाइल्स आधी वयोमानाने बिघडल्या, त्याने अडतीसही दुरुस्त केल्या, स्वतःचा नमुना देऊन. खात खात, माझ्यासारखाच. मग त्याचं तोंड भरलं. चार महिने तो नळीने जेवला. शेवटी त्याने त्या एकेक करून परत मोडल्या, मुद्दाम, बसून. फाइल मोडली की तिच्यातली घाण तोंडातून जाते. तो म्हणाला, भित्रा आहे मी. अडतीस माणसं परत मारली आणि त्या दुपारी बटाटा खाल्ला. असा बटाटा आयुष्यात खाल्ला नव्हता.

मी लिहिलं, मला आधी का नाही सांगितलं?

तो म्हणाला, तू विद्यापीठातून आलेली. हसली असतीस. मग खाली बघून म्हणाला, आणि मला वाटलं, तुला जमलं तर बरंच. मी मोडले ते परत बोलतील.

मग त्याने विचारलं, प्रत तर कोणाला दिली नाहीस ना? जितक्या प्रती तितक्यांदा घाण. मी एकही बाहेर जाऊ दिली नव्हती, म्हणून सुटलो.

मी वही मिटली. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खुर्ची थोडी मागे घेतली. मागे घेतली. किळस आल्यासारखी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मोडल्या. चुलत बहीण आणि धुकं. मेंढीचं डोकं. जाळी शिवणारी. तीस. प्रत्येकीनंतर बादलीत. धागे, साली, पांढरा कफ, कवळीचा गुलाबी तुकडा. बादली दोनदा रिकामी केली. ज्यांच्यासाठी आले होते त्यांनाच.

आता तोंडात फक्त दान्याल. शब्द येतात, अर्धे.

सतरा नंबर इथली मोडली. काही झालं नाही. बाहेर सोळा आहेत.

रेडिओला तीनदा लिहिलं, लावू नका म्हणून; घराघरात वाजला की घराघरात एक प्रत. उत्तर आलं, काळजी नको, आवाज उत्तम आहे, आम्ही तो आणखी मोठा केला आहे.

आईचा फोन. कामावर गेली नाही म्हणे. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मुकादमाने तिला घरी पाठवलं, माशांवर थुंकतेस म्हणून.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजीकडे गेले. वहीत सगळं लिहून नेलं होतं, दान्यालच्या सगळ्या प्रती पुसायला हव्यात हेही, आणि सोबत काडेपेटी. तिने ताट वाढलं. मी खाल्लं. खाल्ल्याशिवाय वही पुढे करता येत नव्हती. प्रत्येक घास त्याने आधी चावलेला.

तिने वाचलं. काडेपेटी उघडली. दाढ बघून ती घाबरली नाही. बोटाने फिरवली, झग्याला पुसली आणि खिशात टाकली.

म्हणाली, तूच मला तो दिलास. आता परत बुडव म्हणतेस?

म्हणाली, तुझी आई आहे, मला समजतं गं. पण मी तेरा वर्षं गप्प घरात बसले आहे.

मग तिने त्याला लावलं. मोठ्याने. हे सगळं आता आईच्या तोंडात— मी कान दाबले, आणि तरी माझा टक् ऐकला.

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रार्थना चालू आहे. खालच्या वर्गात बसले आहे. दहा मिनिटं.

माझा नमुना परत टाकून बघितला. खराब. नाकारला. नवा टिपला. खराब.

आई नाव जातच नाही, दुसरं निरोगी दिल्याशिवाय. त्याच रेकॉर्डरवरचं.

एक आहे. १५ तारखेचं. आजीचं, केस कसे विंचरायचे ते. स्वच्छ.

खोक्यात टाकलं. बघायला फक्त. नमुना निरोगी, असं आलं. आईचं नाव फिकट झालं. बटण लाल.

नाही.

ती समोर खिडकीत बसली आहे. चांगला झगा. मला हात करते आहे. तिचा रेडिओ रस्त्यापलीकडून ऐकू येतो. सगळ्या घरांतून तोच. शेवटचं गाणं.

मेलेल्यांना बोलतं करणार होते मी. जिवंत— मला माझीच किळस येते. तोंडाची नाही. बोटाची.

माझं नाव सांगितलं. सुन्वा, असं. घराघरांतून.

दान्याल. चघळतोय.

फोन. आई. उचलला. शेजारणी ओरडताहेत मागे. आई नुसती चाव—

कडकन आवाज. हसला.

आजी अजून हात करते आहे. मी पण हात केला, डावा. उजवा बट—